तेल्हाऱ्याला पाहिलेला सिनेमा

‘मॅडम, खूप शोधलं. असा सिनेमा नाहीच.’ एवढाच निरोप होता आणि खाली जोडलेले दोन पिवळे हात. साधना अमरावतीच्या राजकमल चौकात रस्ता ओलांडायला थांबली होती, एका हातात मेथीची जुडी, दुसऱ्या हातात फोन. निरोप वाचला आणि रस्ता ओलांडायचाच विसरली. विसरली, हा शब्द मनात आला मात्र, ती तिथंच उभी राहिली. मागून ऑटोवाला खेकसला, ‘ओ काकू, जाता का मुक्काम करता?’ तशी ती दचकून पुढे झाली. पलीकडे पोचल्यावर पहिला प्रश्न कोणता यावा मनात? तर घर कोणत्या बाजूला आहे हे आपल्याला ठाऊक आहे ना! होतं ठाऊक. चांगलं पक्कं ठाऊक होतं. पण असला प्रश्न माणूस स्वतःला कधी विचारतो? एकसष्ट वर्षांत या बाईनं तो एकदाही विचारला नव्हता. मेथीची जुडी तिनं छातीशी धरली आणि उगाचच भराभर चालत सुटली.

झालं होतं एवढंच, की त्यांच्या वाचनकट्ट्यावर दर महिन्याला एकीनं बोलायचं असतं. सगळ्या निवृत्त शिक्षिका, एखाददुसरी कॉलेजातली, शेवटी चिवडा आणि चहा. या खेपेला साधनाची पाळी होती आणि तिनं विषय घेतला होता अद्भुत सिनेमे. केशरबाई म्हणाल्या, ‘इश्श, आपल्या वयाला शोभतं का गं ते?’ म्हणून तर ती आणखीच रंगून बोलली. हसवणारे, ज्यांत अदृश्य झालेला नोकर मालकाच्या ताटातली भजी उचलतो. रडवणारे, ज्यांत नागिणीचा नवरा मरतो आणि अख्खं थिएटर नाकं शिंकरतं. परदेशातले थंड निळसर, ज्यांत राक्षसालाही एकटं वाटतं. आणि भुताखेतांचे, ते तर काय विचारूच नका. ‘सगळे एकाच घरचे,’ ती म्हणाली होती. ‘कुणी थट्टेखोर, कुणी रडकं, कुणी भेसूर. पण मजा कशाची आहे सांगू? आपण बाहेर दिवसभर पुरावे देत असतो. वयाचा, पत्त्याचा, आणि आता पेन्शनसाठी जिवंत असल्याचा! तिथं अंधारात तीन तास कुणी कुणाला विचारत नाही, की हे खरं कशावरून.’ टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांनीच घात केला. त्या भरात तिनं आपला सगळ्यात आवडता सिनेमा सांगितला, लहानपणी तेल्हाऱ्याला पाहिलेला, अगदी पहिल्यापासून शेवटपर्यंत. बायका चहा विसरून ऐकत राहिल्या. मग जुईलीनं हात वर केला. जुईली कॉलेजात शिकवते, सिनेमाचा क्लब चालवते, हजार सिनेमे पाहिलेली पोरगी. ‘मॅडम, नाव काय याचं?’ नाव आठवेना. ‘नटी कोण होती?’ तीही आठवेना. ‘मी शोधून सांगते,’ जुईली गोड हसून म्हणाली. आणि चार दिवसांनी तो निरोप पाठवला.

आता एखाद्या सिनेमाचं नाव आठवलं नाही तर माणूस काय मरतो? नाही मरत. पण साधनाच्या आईचं, सुभद्राबाईंचं, सगळं असंच सुरू झालं होतं. एका दुपारी शेंगा फोडता फोडता ती सहज म्हणाली होती, की आपण चिखलदऱ्याले गेलो होतो ना, तवा म्या कॉफीची लाल लाल फळं ओच्यात भरून आणली होती. चिखलदऱ्याला त्यांच्यापैकी कधी कोणी गेलंच नव्हतं. पण काय सांगायची ती! धुकं अंगावर कसं यायचं, फळांचा रंग पातळाला कसा लागला, बाबा कसे रागावले आणि मग कसे हसले. नातवंडं तिच्याभोवती गोळा व्हायची. सगळ्यांना वाटलं, म्हातारीला करमत नाही, रचते बिचारी गोष्टी, रचू दे. आठ महिने कोणाच्या डोक्यात आलं नाही की हा आजार आहे. इतकी चांगली गोष्ट आजारातून येते असं कोणाला वाटेल? मग एक दिवस तिनं टीव्हीवरच्या मालिकेतल्या माणसांसाठी चहा ठेवला, पाच कप. मग एक दिवस वेणी घालून देणाऱ्या साधनाचा हात धरून तिनं अदबीनं विचारलं, ‘बाई, तुमी कोनाच्या?’ त्यानंतरची पाच वर्षं साधनानं एकटीनं काढली होती आणि त्या पाच वर्षांबद्दल ती कोणाशी बोलत नसे.

शुक्रवारपर्यंत तिनं नुसता स्वतःवर पहारा केला. गॅस बंद केला की मोठ्यानं म्हणायचं, बंद केला. किल्ली कुठं ठेवली ते न बघता सांगायचं. वीस वर्षांपूर्वीच्या आठवी ‘ब’ची हजेरी पाठ म्हणून पाहिली, एकोणिसाव्या नंबरावर अडली. पोरगं काळंसावळं होतं, खिडकीशी बसायचं, वडील कापसाच्या जिनिंगमध्ये होते, सगळं आठवतं, नाव नाही. शेवटी तिनं मेंदूच्या डॉक्टरांकडे सोमवारची अकराची वेळ घेतली. फोनवरच्या मुलीनं विचारलं, ‘पेशंटचं नाव?’ आणि साधनाला क्षणभर आईचंच नाव सांगावंसं वाटलं. पुण्याच्या मुलाला तिनं कळवलं नाही. काय कळवणार? की मी एक सिनेमा पाहिला होता आणि तो नाही? आणि मग तिला सुचलं, अगं, श्यामदादा आहे ना! तिचा थोरला भाऊ अकोल्यात होता, बहात्तर वर्षांचा. उमेदीची सगळी वर्षं त्यानं अमरावतीच्या एका सिनेमा वितरकाकडे घालवली होती; सिनेमाच्या रिळांची पेटी एसटीच्या टपावर चढवून गावोगावच्या थिएटरात आणि तंबूत पोचवायची, खेळ होईपर्यंत थांबायचं, पेटी परत आणायची. तेल्हाऱ्याला त्या दिवशी पेटी घेऊन तोच आला होता. नऊ वर्षांच्या साधनाला तंबूत त्यानंच नेलं होतं. तो ‘हो’ म्हणाला की झालं, सोमवार रद्द. आणि तो ‘नाही’ म्हणाला तर? तिथपर्यंत तिचं मन जाऊन उभं राही आणि तिथूनच परत येई.

शनिवारी सकाळची बस बडनेरा सोडून मूर्तिजापूरच्या रस्त्याला लागली तशी तिनं डोळे मिटले आणि सिनेमा पुन्हा लावला. नदीच्या तळाशी काचेचा राजवाडा. सगळं रंगीत, पेढ्याच्या खोक्यावर असतं तसं भडक रंगीत. मासे पायात पैंजण घालून नाचतात. एक ढेरपोट्या प्रधान, खोटं बोलला की त्याची दाढी हातभर वाढते. पब्लिक हसून हसून लोळत होतं, साधनासुद्धा. आणि राणी, हिरव्या शालूतली, तिला जमीन बघायची हौस येते. ती पाण्याबाहेर डोकं काढते. आणि बाहेर येते तीच मुळी काळ्या-पांढऱ्या जगात. रंग गेला. गाणी गेली. राणीचा चेहरासुद्धा बदलला, लांबट झाला, डोळे खोल गेले. एक मोठं रिकामं घर, दारं आपोआप लागतात, एक म्हातारा घरभर फिरून घड्याळांना किल्ल्या देतो आणि तिच्याकडे न बघता म्हणतो, ‘उशीर झाला तुला.’ कशाचा उशीर, ते कोणी सांगत नाही. साधनाच्या अंगावर काटा आला होता, तोंडातली फुटाण्याची पूड तशीच राहिली होती. नऊ वर्षांच्या डोक्यानं तिनं हिशेब लावला होता, की पाण्यातून बाहेर आल्यामुळे राणीचा रंग उतरला, आणि चेहरा शापामुळे बदलला. बरोबरच होतं की! पण खरी भीती तिला पुढे वाटली होती. शेवटी एकदम रंग परत आला, राणी राजवाड्यात, हिरवा शालू, लग्न, मासे नाचताहेत, आणि राणी हसते आहे. त्या घराचं नावसुद्धा नाही. कोणी विचारत नाही, कुठं होतीस? तीही सांगत नाही. जणू गेलीच नव्हती. तंबूत सगळे खूश होऊन उठले आणि साधना मात्र रडायला लागली होती, हिला आठवत कसं नाही, हिला आठवत कसं नाही म्हणून.

अकोल्याच्या जठारपेठेतल्या दोन खोल्यांच्या घरात श्यामदादा खाटेवर बसला होता, पांढरा शुभ्र सदरा, दाढी केलेली, तोच हसरा चेहरा. रागिणीवहिनी खाली बसून तुरीच्या शेंगांचे सोले काढत होती. ‘माय वं, साधनाताई! ना फोन ना काही, अशा कशा अचानक?’ साधनानं पाण्याचा पेला हातात घेतला, प्यायली नाही. तिला धीरच नव्हता. ‘दादा,’ ती म्हणाली, ‘मी लहान असताना तेल्हाऱ्याला तू मला एक सिनेमा दाखवला होतास. काचेचा राजवाडा, आणि मग ते काळं-पांढरं घर. खरं सांग. होता का असा सिनेमा?’

‘होता नाई तं काय!’ दादानं मांडीवर थाप मारली. ‘पन थो एक पिक्चर नव्हताच पोट्टे. दोन होते!’ आणि तो जो सुटला! ‘अमरावतीच्या गोडाऊनमंदी पेटी भरून राहिलो होतो मी. एसटीची घाई. सगळे पत्र्याचे डबे सारखेच, चिठ्ठ्या निंघून गेलेल्या. रंगीत पिक्चरचे मधले चार डबे राहिले तिकडंच, अन् त्याच्या जागी भुताच्या पिक्चरचे चार आले. तंबूत मशीनवाला धर्मेंद्र मले म्हनते, काय बे श्याम, रंग कुठं गेला? माह्या तर तोंडचं पानी पळालं. मालक म्हने, चालू दे, आता बंद केलं तं पब्लिक तंबू फाडन. अन् पब्लिकनं चूपचाप पायला वं! एकानं म्हनलं नाई का चुकला. उलट बाहेर निंघताना एक मानूस मले म्हनते, लय भारी पिक्चर, रानी बाहेर आली तं कशी पांढरीफट पडली!’ तो खदाखदा हसला. ‘नोकरी जाईन म्हनून मी कोनाले सांगतलं नाई. तूच पयली.’

साधनाचा जीव असा भांड्यात पडला की तिला हसू आणि रडू एकदमच फुटलं. दोन सिनेमे! म्हणजे जुईलीला सापडेल कसा? जगात तो कुठं नव्हताच, फक्त त्या एका खेळाला, त्या एका तंबूत झाला होता, आणि बघणारे दोघं इथं समोरासमोर बसले होते. दादानं पेटी चुकीची भरली, तिनं ते दोन सिनेमे आपल्या मनानं एकत्र शिवले आणि ते टाके जन्मभर जपले. शाप काय, रंग उतरणं काय! वेडी गं वेडी, ती स्वतःला म्हणाली, आणि किती गोड वाटलं तो शब्द स्वतःला लावताना. ती उठून व्हरांड्यात गेली, दवाखान्यात फोन लावला आणि ठणठणीत आवाजात म्हणाली, सोमवारची अकराची वेळ रद्द करा, गरज नाही आता. समोरच्या घराच्या गच्चीवर कोणी पापड वाळत घातले होते. तिला भूक लागली. चार दिवसांत पहिल्यांदा लागली.

आत आली तर दादा अजून त्याच रंगात होता. तो वहिनीला सांगत होता, की बाळापूरच्या किल्ल्याखाली तंबू होता, आणि वारा असा सुटला होता की पडदा फुगायचा, राणी गरोदर दिसायची. वहिनी मान खाली घालून सोले काढत होती. ‘बाळापूर नाही दादा, तेल्हारा,’ साधना हसत म्हणाली. ‘हो, तेल्हाराच. तेच तं म्हनून राहिलो,’ दादा म्हणाला आणि पुढे गेला. तेच म्हणून राहिलो. साधना बसली, पण तिच्या डोक्यात एक भुंगा शिरला. पस्तीस वर्षं तिनं तोंडी परीक्षा घेतल्या होत्या. मुलगा घडाघडा बोलायला लागला, प्रत्येक गोष्टीला ‘हो बाई, हो बाई’ करायला लागला, की ती मध्येच धड्यात नसलेलं एखादं नाव टाकायची. अभ्यास केलेला अडखळायचा, न केलेला त्याच्यावरून सपाट धावत जायचा. आत्ता हे करायची काय गरज होती? काही नव्हती. जेवायला बसायचं, बसनं घरी जायचं, सुखानं झोपायचं. पण जीभ ऐकेना. ‘आणि दादा,’ ती म्हणाली, ‘तो पांढरा उंट आठवतो का रे? राजवाड्यातला?’

उंट तिनं त्या क्षणी रचला होता. काहीतरी पाण्यात कधीच नसेल असं म्हणून.

दादाचा चेहरा उजळला. ‘उंट! कसा इसरीन वं!’ तो खाटेवर पुढे सरकला. ‘काचेच्या पायऱ्या उतरून याचा थो, हळूहळू, गुडघे मोडत. नाकातून बुडबुडे निंघाचे. गळ्यात घागरमाळ, पन पान्यात तिचा आवाज याचा नाई, नुसती हालाची. रानी बाहेर गेली तवा थोच एकटा तिच्या दारात बसून होता. अन् शेवटी, लग्नात, सगळे नाचते अन् उंट रडते. पान्यात कोनाले दिसन रडलेलं? कोनाले नाई दिसत. पन रानीले समजते. ती जाते अन् त्याच्या मानंवर हात ठेवते.’ त्यानं हवेत हात ठेवला, अगदी खऱ्या मानेवर ठेवावा तसा, आणि त्याचे डोळे भरून आले.

साधनानं वहिनीकडे पाहिलं. वहिनीचे हात थांबले होते. ती वर बघत नव्हती.

‘वहिनी,’ साधना म्हणाली. ‘कधीपासून?’

‘दिवाळीपासून,’ वहिनी म्हणाली. ‘पयले लक्षातच नाई आलं. गोष्टी इतक्या चांगल्या सांगते ना हे. शेजारपाजारचे ऐकाले येऊन बसते. मले वाटलं, घरी बसून करमत नसन.’ मग पदर तोंडाला लावून हळूच म्हणाली, ‘परवा दूधवाल्याले म्हने, पेटी आली काय? मी कोनाले सांगू ताई? तुमाले सांगाची छातीच नाई झाली. तुमच्या आईचं तुमी सगळं केलं.’

म्हणजे डबेही गेले. पत्र्याचे सारखे डबे, निघून गेलेल्या चिठ्ठ्या, मशीनवाला धर्मेंद्र, तो पांढरीफट म्हणणारा माणूस, सगळंच. किंवा नसेलही गेलं. डबे खरे असतील आणि उंट तेवढा खोटा असेल. किंवा दादानं तिचाच प्रश्न घेऊन दोन मिनिटांत ते सगळं उभं केलं असेल, जसं आईनं चिखलदरा उभा केला होता. कोणाला विचारणार? तिसरं माणूस होतं कुठं? साधनाला वाटलं, आपण दाराशी येऊन पोचलो होतो आणि दारच भिंतीवर रंगवलेलं निघालं. दादासाठी गलबलून आलं तिला, पोटातून आलं. हाच दादा, हाच तिला खांद्यावर बसवून तंबूतून घरी घेऊन गेला होता, आणि आता त्याला कोण घेऊन जाणार? पण त्या गलबलण्याच्या खालून दुसरंच काहीतरी थंडगार वर येत होतं, आणि ते काय आहे हे कळल्यावर तिनं खाटेची कड घट्ट धरली.

तिला उंट दिसत होता. पांढरा. काचेच्या पायरीवर पुढचा पाय ठेवून थांबलेला. घागरमाळेतलं एक घुंगरू बाकीच्यांपेक्षा मोठं होतं, डाव्या बाजूचं, आणि हे दादानं सांगितलं नव्हतं. हे तिला आठवत होतं. ती स्वतःला म्हणाली, साधने, हा तू रचला आहेस, आत्ता, या खोलीत, दहा मिनिटांपूर्वी, तुरीच्या टरफलांचा ढीग समोर असताना. हो, हो, माहीत आहे. माहीत होतं, पण त्यानं उंट जात नव्हता. तंबूतल्या फुटाण्यांचा वास त्याला येऊन चिकटला, राणीचा हिरवा शालू त्याच्या अंगाला घासला, आणि नऊ वर्षांची मुलगी त्याला बघून टाळ्या वाजवायला लागली. किती छान होता तो! त्याला हाकलावंसंच वाटेना, हीच तर सगळ्यात मोठी भीती होती. आईला कधी कोणी विचारलं होतं का, की तुला धुकं दिसतं तेव्हा भीती वाटते का? नसेल वाटली. बघणाऱ्यांनाच वाटते. साधना या घटकेला दोन्ही होती, बघणारीही आणि जिला दिसतं तीही, आणि तिची अक्षरशः पाचावर धारण बसली.

‘पुढं सांगू?’ दादानं विचारलं. ‘अजून लय हाय.’

‘सांग,’ ती म्हणाली. ‘थांब पण. एक फोन करते आणि मग ऐकते सगळं.’ ती व्हरांड्यात गेली नाही. तिथंच, दादासमोर, वहिनीच्या शेजारी जमिनीवर बसून तिनं नंबर लावला.

‘मॅडम, तुम्ही आत्ता अर्ध्या तासापूर्वी रद्द केली ना वेळ?’ पलीकडची मुलगी म्हणाली. ‘आठवतं ना?’

‘आठवतं,’ साधना म्हणाली. वहिनीनं शेंगा बाजूला सारल्या. ‘ती परत लावा. आणि आणखी एक नाव घाला, श्याम. वय बहात्तर. माझे भाऊ आहेत.’

मुलगी लिहीत असावी. थोड्या वेळानं तिनं विचारलं, ‘यांतलं पेशंट कोण मॅडम, आणि सोबत येणारं कोण?’

साधनानं दादाकडे पाहिलं. तो पुढची गोष्ट सांगायची म्हणून सदऱ्याच्या बाह्या सारख्या करत होता.

‘दोघंही पेशंट लिहा,’ ती म्हणाली. ‘सोबत वहिनी येतील.’